बार्बरा जॉन्स : शाळेच्या इमारतीसाठी मंचावर उभी राहिलेली विद्यार्थिनी

वक्तृत्व स्पर्धेत आपण पाच मिनिटांचं भाषण पाठ करून जातो. वेळ संपल्याची घंटा वाजते, टाळ्या पडतात, आपण खाली येऊन बसतो. आज मी तुम्हाला अशा एका मुलीचं चरित्र सांगणार आहे, जिनं शाळेच्या सभागृहात भाषण केलं आणि ते संपताच सगळी शाळा उठून बाहेर पडली. पुढे तो विषय थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. तिचं नाव बार्बरा रोझ जॉन्स. तेव्हा ती अकरावीत होती. वय वर्षे सोळा.

बार्बराचा जन्म ६ मार्च १९३५ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. तिचे आईवडील मूळचे व्हर्जिनिया राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीचे. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा एक प्रशासकीय भाग, आकारानं मात्र बराच लहान. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे कुटुंब परत आपल्या गावाकडे आलं. वडील शेती करायचे. आईला सरकारी नोकरी होती ती वॉशिंग्टनला, त्यामुळे ती बराच काळ घरापासून लांब. पाच भावंडांत बार्बरा थोरली. सकाळी उठून धाकट्यांचं आवरणं, त्यांचे डबे भरणं, त्यांना बसपर्यंत पोहोचवणं हे सगळं तिच्याकडे होतं. घरातली थोरली लेक असणं म्हणजे काय, ते तुमच्यातल्या अनेकींना वेगळं सांगायला नको!

तिचे एक काका होते, व्हर्नन जॉन्स. ते धर्मोपदेशक होते आणि अतिशय स्पष्टवक्ते. कृष्णवर्णीय लोकांनी मान खाली घालून जगू नये, हे ते प्रार्थनेच्या व्यासपीठावरून उघड सांगत. गोऱ्यांनाही सुनवायचे आणि गप्प बसणाऱ्या आपल्याच लोकांनाही. त्यांच्याकडे पुस्तकांचा मोठा संग्रह होता. बार्बरा तशी शांत, फारसं न बोलणारी मुलगी. पण पुस्तकं वाचायची आणि काकांचं बोलणं नीट ऐकायची. अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात ज्या चर्चमध्ये हे काका काम करत, तिथे त्यांच्यानंतर जे तरुण धर्मोपदेशक आले त्यांचं नाव मार्टिन ल्यूथर किंग. त्यांच्याबद्दल तुम्ही वाचलंच असेल.

आता शाळेबद्दल बघू. कारण सगळं प्रकरण घडलं ते शाळेमुळेच.

त्या वेळी व्हर्जिनियात गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या, असा कायदाच होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १८९६ साली एका खटल्यात असा निकाल दिला होता की सोयी वेगवेगळ्या ठेवल्या तरी त्या समान असतील तर चालतं. कागदावर ठीक दिसतं. प्रत्यक्षात वेगळेपणा काटेकोर पाळला गेला आणि समानतेकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

काउंटीचं मुख्य गाव फार्मव्हिल. तिथे कृष्णवर्णीय मुलांसाठी रॉबर्ट रूसा मोटन हायस्कूल होतं. ज्यांचं नाव शाळेला दिलं ते मोटन याच काउंटीत वाढलेले मोठे शिक्षणतज्ज्ञ. ही इमारत १९३९ मध्ये साधारण १८० विद्यार्थ्यांसाठी बांधली होती. दहा-बारा वर्षांत पटसंख्या ४५० च्या वर गेली. व्यायामशाळा नाही, जेवणाची खोली नाही, विज्ञानाची प्रयोगशाळा नाही. सभागृह होतं, पण जागा पुरेना म्हणून तिथेच एका वेळी अनेक वर्ग भरत. एका कोपऱ्यात इतिहास चाललाय, दुसऱ्या कोपऱ्यात इंग्रजी. काही वर्ग तर जुन्या बसमध्येही घेतले जात.

पालकांनी तक्रार केल्यावर बोर्डानं काय केलं? शाळेच्या आवारात लाकडी सांगाड्याच्या तात्पुरत्या खोल्या उभ्या केल्या आणि त्यांना बाहेरून डांबरी कागद मारला. लांबून पाहणाऱ्याला कोंबड्यांची खुराडी वाटावीत अशा त्या खोल्या. पाऊस आला की गळायच्या, मुलं आत छत्री उघडून बसायची. थंडीत एक शेगडी. तिच्याजवळ बसलेला घामाघूम आणि लांब बसलेला कोट घालूनही काकडलेला. पत्र्याच्या वर्गात पावसाचा आवाज सुरू झाला की फळ्याजवळ उभं राहून ओरडून शिकवावं लागतं, हे मी स्वतः अनुभवलं आहे, म्हणून या छत्र्यांचं वर्णन वाचताना मला हसू आलं नाही.

त्याच गावात गोऱ्या मुलांचं हायस्कूल होतं. तिथे व्यायामशाळा होती, जेवणाची सोय होती, प्रयोगशाळा होती. त्यांच्या वापरून जुन्या झालेल्या बस मोटन शाळेकडे यायच्या.

एका सकाळी बार्बरा भावंडांना घेऊन बसपर्यंत गेली आणि स्वतःचा डबा घरीच विसरला हे तिच्या लक्षात आलं. ती धावत घरी गेली, तेवढ्यात बस निघून गेली. रस्त्याच्या कडेला ती कुणी आपल्याला गाडीतून नेतंय का याची वाट बघत बसली. बराच वेळ गेला. मग समोरून गोऱ्या मुलांच्या शाळेची बस आली. अर्धी रिकामी. ती तिच्याच रस्त्यानं, तिच्याच गावाकडे चालली होती आणि तिच्या समोरून निघून गेली. आता काहीतरी करायलाच हवं, असं त्या सकाळी मनात पक्कं झालं, हे तिनं पुढे लिहून ठेवलेल्या आठवणींत सांगितलं आहे. त्याआधी एकदा ती शाळेच्या अवस्थेबद्दल आपल्या संगीत शिक्षिकेकडे कुरकुरली होती. बाईंनी तिला उलट विचारलं होतं की मग तू स्वतः त्याबद्दल काही का करत नाहीस. बार्बराला आधी त्याचा रागच आला होता.

इथे स्कूल बोर्ड म्हणजे काय ते सांगायला हवं. आपल्याकडे जुनी माणसं अजून बोर्डाची शाळा असं म्हणतात ना, तसंच काहीसं. काउंटीतल्या सगळ्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक मंडळी म्हणजे स्कूल बोर्ड. इमारत कुठे बांधायची, मुख्याध्यापक कोणाला नेमायचं, कोणाला काढायचं, सगळं त्यांच्या हातात. प्रिन्स एडवर्डच्या बोर्डावर सगळे गोरे होते. पालक-शिक्षक संघाच्या वतीनं फ्रान्सिस ग्रिफिन नावाचे धर्मोपदेशक आणि मोटनचे मुख्याध्यापक बॉइड जोन्स महिन्यामागून महिने बोर्डाच्या बैठकांना जात होते. नवी इमारत हवी, एवढंच मागणं. उत्तर ठरलेलं : जागा शोधतोय, पैशाची व्यवस्था बघतोय. आणि शेवटी तर पुढच्या बैठकांना येण्याची गरज नाही, काही ठरलं की कळवू, असं सांगण्यात आलं.

मित्रांनो, कळवू हा शब्द ज्यांनी सरकारी कचेरीत ऐकलाय त्यांना त्याचा अर्थ माहीत असतो.

बार्बरानं शाळेतली काही विश्वासू मुलं गोळा केली. कॅरी स्टोक्स विद्यार्थी संघाची अध्यक्ष होती, तिचा जुळा भाऊ जॉन स्टोक्स होता, जॉन वॉटसन होता. १९५० च्या शरद ऋतूत त्यांची पहिली गुप्त बैठक झाली. आधी त्यांनी घाई केली नाही. मोठ्यांचे प्रयत्न चालू आहेत तर त्यांना वेळ देऊ, असं ठरलं. मुलं स्वतः त्या बैठकांना जाऊन बसू लागली, काय चाललंय ते बघू लागली. म्हणजे बोर्डाचं म्हणणं त्यांनी ऐकीव माहितीवर नाही, कानांनी ऐकून घेतलं होतं. हिवाळा गेला, वसंत आला. काहीच हललं नाही. तेव्हा त्यांनी आपला बेत पक्का केला, आणि तो इतका गुप्त ठेवला की घरच्यांनाही पत्ता नव्हता. बार्बराच्या धाकट्या बहिणीला, जोनला, तो कळला थेट सभागृहात बसल्यावर.

२३ एप्रिल १९५१, सोमवार. सकाळी अकराच्या सुमारास मुख्याध्यापकांच्या खोलीत फोन वाजला. शाळेतली काही मुलं गावात बसस्थानकावर अडचणीत सापडली आहेत, असा निरोप होता. आवाज बदलून बोलणारा होता जॉन वॉटसन. मुख्याध्यापक लगबगीनं निघाले. ते गेले तसे त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या वर्गावर्गात पोहोचल्या, सर्वांनी सभागृहात जमावं. मुख्याध्यापकांच्या नावाची आद्याक्षरं आणि बार्बरा जॉन्सची आद्याक्षरं इंग्रजीत एकच येतात, ही एक गंमतच.

शिक्षक म्हणून इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. खोटा फोन, खोटी चिठ्ठी. हे मी माझ्या वर्गात चालवून घेतलं असतं का? नसतं. मुख्याध्यापक जोन्स हे मुलांच्याच बाजूचे गृहस्थ होते, आणि त्यांना बाहेर काढण्यामागे मुलांचा एक विचार असाही होता की यात त्यांचा हात आहे असं कुणी म्हणू नये. तो हेतू चांगलाच होता. तरी बोर्डानं पुढे त्यांची नोकरी काढून घेतलीच. या गोष्टीतलं हे एक दुखरं ठिकाण आहे आणि ते झाकून चरित्र सांगू नये असं मला वाटतं.

सभागृह भरलं. पडदा उघडला. मंचावर मुख्याध्यापक नाहीत, तर विद्यार्थ्यांची समिती बसलेली आणि पुढे बार्बरा उभी! तिनं सगळ्यात आधी शिक्षकांना बाहेर जाण्याची विनंती केली. काही शिक्षक तिला थांबवायला पुढे आले, तेव्हा तिनं पायातला बूट काढून बाकावर आपटला आणि पुन्हा तेच सांगितलं. ज्या मुलीचा वर्गात आवाज ऐकू यायचा नाही, तीच ही. शिक्षक बाहेर गेले.

मग ती बोलली. डांबरी कागदाच्या खोल्या, गळणारं छप्पर, नसलेली प्रयोगशाळा. यातलं काहीच नवीन नव्हतं, समोरची मुलं रोज तेच भोगत होती. नवीन होतं ते पुढचं. मोठी माणसं बोर्डाकडे जाऊन थकली आहेत, आता आपण सगळ्यांनी मिळून वर्गाबाहेर पडायचं आणि नव्या इमारतीचं पक्कं वचन मिळेपर्यंत आत यायचं नाही, असं तिनं मांडलं. मुलांच्या मनात तुरुंगाची भीती असणार हे तिनं ओळखलं होतं. फार्मव्हिलचा तुरुंग एवढासा आहे, आपण सगळे एकत्र राहिलो तर इतक्यांना तिथे कोंबणार तरी कुठे, हा तिचा हिशोब होता. आणि हिशोब सरळ होता, तो कुणालाही पटण्यासारखाच होता. मुख्याध्यापक परत आले, त्यांनी कळकळीनं समजावून पाहिलं. पण साडेचारशे मुलं बाहेर पडली. आधीच लिहून लपवून ठेवलेले फलक हातात आले.

आता बोर्डासमोर मुलं स्वतः उभी राहायला निघाली. संपाच्या समितीनं बोर्डाचे शाळा अधीक्षक मॅकइल्वेन यांची भेट घेतली. सोळा-सतरा वर्षांची कृष्णवर्णीय मुलं त्या काळच्या व्हर्जिनियात एका गोऱ्या अधिकाऱ्यापुढे आपल्या मागण्या घेऊन बसली, हे चित्र डोळ्यांसमोर आणून बघा. त्यांच्या पालकांनीही असं कधी केलं नव्हतं. अधीक्षकांनी आधी वर्गात परत जा असं सांगितलं. हातात काही पडलं नाही.

पण मुलांनी एक गोष्ट आधीच करून ठेवली होती. संपाच्या पहिल्याच दिवशी बार्बरा आणि कॅरी यांनी रिचमंड शहरातल्या वकिलांना पत्र लिहून मदत मागितली. हे वकील कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एन. ए. ए. सी. पी. या संस्थेचं काम बघायचे. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन ही त्यांची नावं. दोन दिवसांनी ते फार्मव्हिलला ग्रिफिन यांच्या चर्चमध्ये आले, ते खरं तर मुलांची समजूत काढून त्यांना परत शाळेत पाठवायचं असं ठरवूनच. मुलांची शिस्त आणि तयारी बघून त्यांचाच विचार बदलला. मात्र त्यांनी एक अट घातली. नव्या इमारतीसाठी आम्ही भांडणार नाही. भांडायचं तर वेगळ्या शाळांची पद्धतच मोडण्यासाठी, आणि त्यालाही पालकांची संमती पाहिजे.

हे मुलांच्या मागणीपेक्षा फार मोठं होतं. चांगली वेगळी शाळा मागणं एक, आणि वेगळी शाळाच नको म्हणणं दुसरं. घरोघरी चर्चा सुरू झाली. अनेक पालक गोऱ्यांच्या शेतावर, त्यांच्या घरात कामाला. कर्ज त्यांच्याच बँकेतून घेतलेलं. ३ मे रोजी चर्चमध्ये मोठी सभा भरली. तिथे मोटनच्याच एका माजी मुख्याध्यापकांनी एवढं मोठं पाऊल उचलू नये असा सल्ला दिला. सभा डळमळू लागली. तेव्हा बार्बरा उठली आणि त्या ज्येष्ठ माणसाला तिनं तोंडावर उत्तर दिलं. भाषा जरा कडकच होती, पण सभा सावरली. शेवटी ग्रिफिन बोलले आणि लोक खटल्याच्या बाजूनं उभे राहिले.

७ मे रोजी मुलं वर्गात परतली. संप दोन आठवडे चालला. २३ मे १९५१ रोजी रिचमंडच्या संघीय न्यायालयात ११७ विद्यार्थ्यांच्या वतीनं खटला दाखल झाला. यादीत पहिलं नाव नववीतल्या डोरोथी डेव्हिसचं होतं, म्हणून खटला डेव्हिस विरुद्ध प्रिन्स एडवर्ड काउंटी स्कूल बोर्ड या नावानं ओळखला जातो. बार्बराचं नाव त्यामुळे मागे राहिलं.

तोवर शाळेच्या आवारात एक लाकडी क्रॉस जाळण्यात आला होता. ती धमकीची ठरलेली खूण होती. बार्बराच्या आईवडिलांनी लेकीला तातडीनं माँटगोमेरीला व्हर्ननकाकांकडे पाठवून दिलं. शाळेचं शेवटचं वर्ष तिनं तिथे केलं. म्हणजे बघा, जिनं शाळेसाठी एवढं केलं तिलाच त्या शाळेत पुढे शिकता आलं नाही. काही वर्षांनी गावातलं त्यांचं घरही जळून गेलं.

खटला खालच्या न्यायालयात मुलं हरली. अपील सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि देशाच्या वेगवेगळ्या भागांतून आलेल्या अशाच आणखी चार खटल्यांबरोबर ऐकलं गेलं. या पाचांत विद्यार्थ्यांच्या संपातून उभा राहिलेला खटला हा एकटाच. १७ मे १९५४ रोजी न्यायालयानं एकमतानं निकाल दिला की सरकारी शाळांत वर्णावरून मुलांना वेगळं ठेवणं घटनेला धरून नाही. ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन या नावानं हा निकाल जगभर माहीत आहे. कृष्णवर्णीय मुलांसाठी मोटनची नवी इमारत मात्र त्याआधीच, १९५३ मध्ये उघडली होती. इतकी वर्षं जागा मिळत नव्हती, ती खटला दाखल झाल्यावर मिळाली!

इथे पुस्तकातला धडा संपला असता. पण प्रिन्स एडवर्डमध्ये तो संपला नाही. न्यायालयानं एकत्र शाळा सुरू करा असा आदेश दिला, तेव्हा १९५९ मध्ये काउंटीच्या कारभाऱ्यांनी शाळांना पैसे देणंच बंद केलं आणि सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लागलं. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा लगेच उभी राहिली. कृष्णवर्णीय मुलांसाठी काही नाही. काहींना आईवडिलांनी दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे पाठवलं, काहींना लांबच्या राज्यांत अनोळखी कुटुंबांनी ठेवून घेतलं, काही चर्चच्या खोलीत जमेल तेवढं शिकली. आणि बरीच मुलं घरीच राहिली. १९६३ मध्ये देणग्यांवर चालणाऱ्या मोफत शाळा सुरू झाल्या. सरकारी शाळा उघडल्या त्या १९६४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा एकदा आदेश दिल्यावर. पाच वर्षं! सहा वर्षांचं मूल पहिलीत न जाता अकरा वर्षांचं झालं. या मुलांचं झालेलं नुकसान पुढे राज्यानं मान्य केलं आणि २००४ मध्ये, आता प्रौढ झालेल्या त्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीची योजना आणली.

बार्बरा तेव्हा कुठे होती? तिनं अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजमध्ये प्रवेश घेतला होता. मग विल्यम पॉवेल यांच्याशी लग्न झालं, फिलाडेल्फियात संसार थाटला, पाच मुलं झाली. ती शाळेच्या ग्रंथालयात ग्रंथपाल म्हणून काम करू लागली. अर्धवट राहिलेली पदवी तिनं १९७९ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठातून पूर्ण केली, चव्वेचाळिसाव्या वर्षी. सभा, सत्कार, मुलाखती यांच्या मागे ती कधी लागली नाही. सप्टेंबर १९९१ मध्ये कर्करोगानं तिचं निधन झालं. तेव्हा ती ५६ वर्षांची होती.

तिचं नाव मोठं झालं ते त्यानंतर. अमेरिकेच्या संसद भवनात प्रत्येक राज्याचे दोन पुतळे असतात. व्हर्जिनियाचा एक जॉर्ज वॉशिंग्टन यांचा, दुसरा रॉबर्ट ली यांचा होता. गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांचे ते सेनापती. १९०९ पासून तिथे असलेला लींचा पुतळा डिसेंबर २०२० मध्ये काढला गेला आणि त्या जागेसाठी राज्यानं बार्बराची निवड केली.

जुनी मोटन शाळाही आज उभी आहे. संपाला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, २३ एप्रिल २००१ रोजी, तिथे संग्रहालय सुरू झालं. ज्या सभागृहात एका वेळी अनेक वर्ग भरत होते आणि जिथे बार्बरानं बूट आपटला, ते सभागृह तिथे जाऊन पाहता येतं.